संकटसमयीं देवाच्या अभिवचनांवर विसंबणें



‘अभिवचन’ हा शब्द आपल्या उपासनेंत, प्रार्थनेंत व गीतांत इतक्या वेळां येतो कीं, त्याचा नेमका अर्थ काय असें कोणीं एकाएकीं विचारल्यास आपल्यापैकीं पुष्कळांस उत्तर सुचावयाचें नाहीं. मृग निघाला म्हणजे खानदेशांतील शेतकरी आभाळाकडे पाहून यंदा पाऊस बरा होईल असें म्हणतो. हा अंदाज झाला. आपला मुलगा शिकून मोठा व्हावा असें आईस वाटतें. ही इच्छा झाली. परंतु वसतिगृहांत राहणाऱ्या मुलास बापानें ‘सुटीच्या दिवशीं मी तुला न्यावयास येईन’ असें सांगितलें असेल, तर तें मूल सकाळपासून ट्रंक भरून दाराशीं बसतें. गाडी उशिरां येईल, वाटेंत नाला भरून वाहत असेल, हें त्यास ठाऊक नसतें असें नाहीं. पण त्याचा भरंवसा गाडीवर किंवा वाटेवर नसून बापावर असतो. अभिवचन तें हें. देणाऱ्याच्या शीलावर तें उभें राहतें.

आपल्याच भागांतील एक उदाहरण घ्या. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली फडपद्धति पुष्कळांनीं पाहिली असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून निघालेला पाट, आणि पाटाखालीं वांटून दिलेले फड. ज्याचें शेत पाटाच्या शेवटास आहे त्यास आपल्या बांधावरून नदी दिसत नाहीं. तरी तो जमीन नांगरतो, सऱ्या पाडतो, बीं टाकतो. कारण पाळीचें पाणी सर्वांस पोंचविण्याचें काम पाटकऱ्यानें पत्करलेलें आहे. पाणी येण्यापूर्वीं केलेल्या त्या मेहनतीस विश्वास म्हणावें. पाणी सरींत खेळूं लागल्यावर विश्वासाचें कारणच उरत नाहीं.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं. देवावर भरंवसा ठेवणाऱ्याच्या दारीं संकट येत नाहीं, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांतून गुपचुप वावरत असते. कोणी ती उघड बोलून दाखवीत नाहीं, पण घरांत दुखणें आलें कीं ‘आमच्याच वांट्यास कां?’ या प्रश्नांतून ती बाहेर पडते. यशयाच्या ४३ व्या अध्यायाच्या आरंभीं देव आपल्या लोकांस जें अभिवचन देतो तें लक्ष देऊन वाचावें. पाण्यांतून तुम्हांस जावेंच लागणार नाहीं, असें तेथें कोठेंही नाहीं. पाण्यांतून जाल तेव्हां मी बरोबर असेन, असा त्या वचनाचा रोख आहे. ‘जर’ असा शब्द तेथें नसून ‘जेव्हां’ असा आहे. पावसाळ्यांत गिरणा उतरून गेलेल्या माणसास याचा अर्थ समजावून द्यावयास नको. पाणी किती, याइतकेंच हात कोणाचा धरला आहे यालाही तेथें महत्त्व असतें.

प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय तर याच विषयावरचा पाठ आहे. पौल बंदिवान म्हणून रोमेकडे नेला जात असतां तारूं वादळांत सांपडलें. तारवांत २७६ माणसें होतीं. कित्येक दिवस सूर्य नाहीं, तारे नाहींत, कोणाच्या पोटांत अन्न नाहीं. अशा वेळीं, एकाचाही जीव जाणार नाहीं, तारूं मात्र जाईल, असें देवदूताकडून मिळालेलें आश्वासन पौलानें सर्वांस कळविलें. पुढें काय झालें तें पाहा. खलाशी होडी सोडून हळूच पळूं लागले, तेव्हां हे लोक तारवांत न राहिले तर तुमचा बचाव होणार नाहीं, असें पौलानें शताधिपतीस बजाविलें. नंतर त्यानें सर्वांस आग्रहानें जेवावयास लाविलें. शेवटीं कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, कोणी मोडक्या तुकड्यांवर असे सर्व कांठास लागले. देवानें सांगितलें तेंच घडलें, परंतु खलाशांस रोखून धरणें, भाकर खाणें आणि फळी घट्ट पकडणें हींही त्या घडण्यांतच होतीं. अभिवचन मिळालें आहे म्हणून हातपाय न हालविणाऱ्या मनुष्यास पौलाच्या तारवांत जागा मिळाली नसती.

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायांतील ११ वें वचन ख्रिस्ती घरांतील भिंतींवर चौकटींत लाविलेलें पुष्कळदां दिसतें. देवाचे आपल्याविषयींचे विचार हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहींत, असा त्याचा आशय आहे. वचन गोड आहे खरें. पण तें ज्या पत्रांत आहे तें संपूर्ण पत्र किती जण वाचतात? तें पत्र बाबेलास धरून नेलेल्या यहूदी लोकांस लिहिलेलें आहे. आपण लवकरच परत जाणार, असें सांगणारे संदेष्टे त्यांच्यामध्यें होते आणि लोकांस तेच आवडत होते. यिर्मया त्यांस लिहितो कीं, सत्तर वर्षें लागतील. तोंवर तेथेंच घरें बांधा, बागा लावा, मुलांमुलींचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत तुम्हांस नेलें आहे त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करा. सत्तर वर्षें! म्हणजे तें पत्र ज्या सभेंत वाचलें गेलें त्या सभेंतील प्रौढ माणसांपैकीं बहुतेकांनीं अभिवचनाची पूर्ति डोळ्यांनीं पाहिली नसणार. तें त्यांच्या नातवंडांसाठीं होतें. भिंतीवरील चौकटींत ही गोष्ट मावत नाहीं.

त्याच पुस्तकाचा ३२ वा अध्याय मला याहूनही मोलाचा वाटतो. यरुशलेमास बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. यिर्मया स्वतः राजवाड्याच्या पहारेकऱ्यांच्या चौकांत अटकेंत होता. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो कीं, अनाथोथ गांवचें आपलें शेत तूं विकत घे. अनाथोथ वेढ्याबाहेर, शत्रूच्या फौजेच्या तोंडीं. त्या दिवशीं त्या शेताची किंमत कवडीचीही नव्हती. तरी देवाच्या आज्ञेवरून यिर्मयानें १७ शेकेल रुपें तागडींत तोलून दिलें, खरेदीखत लिहिलें, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि एक मोहोरबंद व एक उघडी अशा दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून बारूखाकडून मातीच्या भांड्यांत घालविल्या. या देशांत पुनः घरें, शेतें व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असें देवानें सांगितलें होतें. तें यिर्मयानें रोख पैसे मोजून खरें मानिलें. शेतजमिनीचे व्यवहार ज्यांनीं केले आहेत त्या आपल्या वडील मंडळींस या कृत्याचें वजन अधिक कळेल. बुडत्या गांवांतील शेत पूर्ण कागदपत्रांनिशीं विकत घेणारा मनुष्य एक तर वेडा असावा, नाहीं तर त्यास इतरांस न दिसणारें कांहीं दिसत असावें.

आणि विद्यार्थ्यांनो, पुढें जें आहे तें वगळूं नका. खरेदीखत झाल्यावर यिर्मया प्रार्थनेस बसतो आणि देवास जवळ जवळ विचारतोच कीं, शहर तर शत्रूच्या हातीं जात आहे, मग शेत घ्यावयास तूं मला कां सांगितलेंस? म्हणजे आज्ञा त्यानें अगोदर पाळली आणि प्रश्न मागाहून विचारला. मनांत प्रश्न उठला कीं आपला विश्वास गेला, असें समजून कित्येक तरुण मुलगे व मुली झुरत असतात. त्यांनीं हा अध्याय एकदां एकांतांत वाचावा. यिर्मयास तें शेत कधीं कसावयास मिळालें नाहीं. पुढें लोकांनीं त्यास मिसर देशांत नेलें.

शास्त्रांतील हे लोक फार दूरचे वाटतात अशी तक्रार मुलांकडून नेहमीं येते. म्हणून आपल्याच भाषेंत बोलणाऱ्या, आपल्याच मुलुखांत काम केलेल्या एका बाईकडे पाहूं.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविलें, त्याबद्दल लोकांचा रोष सोसला, आणि तीर्थयात्रा करीत, पुराणें सांगत कुटुंबास घेऊन ते देशभर हिंडले. मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण एकामागून एक गेलीं. उरलेलीं दोघें भावंडें उपाशी, अनवाणी चालत चालत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. १८८० सालीं भाऊ गेला. त्याच वर्षीं झालेलें लग्न दोन वर्षेंही टिकलें नाहीं. १८८२ सालीं पटकीनें पति वारले आणि तान्ही मनोरमा पदरीं राहिली. तेविसाव्या वर्षीं या बाईनें किती चिता पाहिल्या होत्या, याचा हिशेब करावा. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें तिनें ख्रिस्ती दीक्षा घेतली.

१८८९ सालच्या ११ मार्चला मुंबईस शारदासदन उघडलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. त्यास पैसा कोठून येई? अमेरिकेंत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन म्हणून एक मंडळ स्थापन झालें होतें. त्यानें दहा वर्षें मदत देण्याचें पत्करलें होतें. मनुष्यांनीं दिलेलें वचन होतें तें, आणि त्यांनीं तें प्रामाणिकपणें पाळलें, हें येथें सांगितलें पाहिजे. पण मुदत ती मुदत. १८९८ सालीं ती भरावयाची होती. मध्यंतरीं १८९३ सालीं धर्मांतराच्या शंकेवरून न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृति सल्लागार वेगळे झाले आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या काळांत रमाबाईंनीं तीन माणसांच्या कार्याचे वृत्तांत वाचले: ब्रिस्टलच्या अनाथगृहाचा चालक जॉर्ज म्यूलर, चीनांत काम करणारा हडसन टेलर, आणि न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पेटन. हिंदुस्थानांत राहूनही असाच देवावर हवाला टाकतां येणार नाहीं काय, असा विचार त्यांच्या मनांत घोळूं लागला, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे.

उत्तर द्यावयास फार दिवस मिळाले नाहींत. १८९६ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. त्या काळीं मुंबई-पुण्याकडून मध्यप्रांतांत जाणारा आगगाडीचा रस्ता म्हणजे मनमाडावरून चाळीसगांव, पाचोरें, जळगांव, भुसावळ हाच. आपण ज्या स्टेशनांवर रोज चढउतार करतों त्यांच्यावरूनच दुष्काळांतील पोरक्या मुलींच्या त्या टोळ्या गेल्या असल्या पाहिजेत. त्या मुलींची स्थिति पाहून रमाबाईंस स्वतःच्या लहानपणचा दुष्काळ आठवला. त्यांनीं सुमारें तीनशें मुली आणल्या. सल्लागार पाठीशीं नाहींत, अमेरिकेची मुदत संपत आलेली, आणि घरांत खाणारीं तोंडें एकदम कितीतरी पटींनीं वाढलेलीं! त्यांतच पुण्यास प्लेग आला. सरकारी नियमांमुळें इतक्या मुली शहरांत ठेवणें अशक्य झालें, तेव्हां त्यांस केडगांवीं न्यावें लागलें. तेथें सोलापूरच्या रेल्वेमार्गालगत, शारदासदनास उत्पन्न व्हावें म्हणून कांहीं वर्षांपूर्वीं फळबागेसाठीं जमीन घेऊन ठेवलेली होती. अनाथोथचें शेत मला येथें आठवतें. बागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभें राहिलें.

पुढें १८९९–१९०० सालचा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्यें पडला म्हणून त्यास छप्पनचा दुष्काळ म्हणतात. गुजराथेप्रमाणें आपला खानदेशही त्यांत होरपळला. तेव्हां जळगांव व धुळें हे वेगळे जिल्हे नव्हते. खानदेश हा एकच जिल्हा होता, आणि त्याची पूर्व व पश्चिम अशी वांटणी १९०६ सालीं झाली. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल वस्तीचे त्या वर्षीं फार हाल झाले. गुजराथेंतून आणलेल्या मुलींमुळें मुक्तिसदनांतील माणसें दोन हजारांच्या घरांत गेलीं.

इतक्यांस रोज भाकर कशी मिळाली, हा प्रश्न मुलांनीं विचारलाच पाहिजे. प्रार्थना झाली हें खरें, आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांनीं पैसे पाठविले हेंही खरें. पण त्याचबरोबर तेथें शेती होती, माग होते, तेलाची घाणी होती, गुरें होतीं, छापखाना होता. आंधळ्या स्त्रियांस बोटांनीं वाचतां यावें म्हणून ब्रेल लिपि शिकविली जात होती. पहांटे प्रार्थनेस गुडघे टेकणारी बाई दिवसभर हिशेब तपाशीत होती. पौलाच्या तारवांतील फळी ती हीच. तरी सर्व मुली वांचल्या असें मात्र कोणी समजूं नये. उपासमारीनें आणि रोगानें पोखरलेल्या कित्येक मुली केडगांवास पोंचल्यावरही दगावल्या. भक्तिपर चरित्रांतून हा भाग कमी अक्षरांत छापला जातो, तो मला योग्य वाटत नाहीं.

येथें एका धोक्याकडे लक्ष वेधलें पाहिजे. मत्तयाच्या ४ थ्या अध्यायांत सैतान प्रभु येशूस मंदिराच्या शिखरावर उभें करतो आणि खालीं उडी टाक म्हणतो. उडी टाकण्यास तो आधार कशाचा देतो? ९१ व्या स्तोत्रांतील अभिवचनाचा! म्हणजे अभिवचन तोंडपाठ असणें हें विश्वासाचें चिन्ह नाहीं. तें सैतानासही पाठ होतें. प्रभूनें उडी टाकली नाहीं. देवाची परीक्षा पाहणें आणि देवावर भरंवसा ठेवणें हीं परस्परविरुद्ध कामें आहेत. मुलास ताप भरला असतां दवाखान्यांत न नेतां केवळ वचन म्हणत बसणें ही उडी आहे. वर्षभर पुस्तक न उघडतां परीक्षेच्या सकाळीं ‘प्रभु पाहून घेईल’ म्हणणें ही तिच्याहून लहान, पण त्याच शिखरावरून टाकलेली उडी आहे. आणि मुलगा पास झाला तर मंडळीस अमुक रुपये देईन, ही बोलीही आपल्या घरांतून पुष्कळदां ऐकूं येते. नांव प्रार्थनेचें, व्यवहार नवसाचा. बाप मुलास न्यावयास येतो तो मुलानें भाडें देऊं केलें म्हणून येत नाहीं.

दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळीं अभिवचनांचा उपयोग कसा करावा, हें तर आपण नव्यानें शिकण्यासारखें आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर मुकाट्यानें बसले. तोंवर ते उत्तम मित्र होते. बोलूं लागले आणि सर्व बिघडलें. जळगांवापासून जवळच भादली हें स्टेशन आहे. तेथें १९१८ सालच्या ५ मेला त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे धरणगांवांत जन्मलेले आपले बालकवि, आगगाडीखालीं सांपडून गेले. वय अवघें सत्तावीस. १९०७ सालीं जळगांवांत भरलेल्या कविसंमेलनांत त्यांची कीर्ति झाली, आणि पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांच्या घरीं ते मुलासारखे राहिले होते. ख्रिस्ती घरानें ज्यास माया लाविली असा हा हिंदु तरुण असा कां जावा? या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही अभिवचनांत नाहीं, आणि अभिवचन हें उत्तर म्हणून दिलेलेंही नाहीं. ज्या घरांत प्रेत आहे तेथें जाऊन ‘देवाची यांत कांहीं चांगलीच योजना असेल’ असें सांगण्यापेक्षां पाण्याची घागर भरून द्यावी, लहान मुलांस आपल्या घरीं जेवूं घालावें, आणि बसून राहावें. वचन वाचावयाचेंच असेल तर तें त्या घरच्यांनीं मागितल्यावर वाचावें.

रमाबाईंच्या आयुष्यांतील शेवटची परीक्षा दुष्काळाची नव्हती. वय वाढलें, कानांनीं ऐकूं येईनासें झालें. मनोरमा आईच्या हाताखालीं तयार झाली होती. शारदासदनाची शाळा ती पाहत असे, आणि आईच्या मागें सर्व काम तीच चालवील अशी सर्वांची अपेक्षा होती. १९२१ सालच्या २४ जुलैला मनोरमा वारली. जिनें हजारों परक्या मुली देवाकडे मागून घेतल्या तिची स्वतःची एकुलती एक मुलगी तिच्या आधीं गेली. या वेळीं रमाबाईंच्या हातीं एक काम होतें. खेड्यांतील अडाणी बाईसही समजेल अशा सोप्या मराठींत संपूर्ण बायबलाचें भाषांतर त्या कित्येक वर्षें करीत होत्या. त्यासाठीं त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला होता. मनोरमेच्या मृत्यूनंतर तें काम थांबलें नाहीं. ज्या पुस्तकांतील अभिवचनांवर आयुष्य काढलें त्याच पुस्तकाच्या मजकुरावर, मुलीच्या मागें उरलेले महिने, त्या ओळीमागून ओळ हात फिरवीत राहिल्या.

१९२२ सालच्या ५ एप्रिलला रमाबाई वारल्या. तें बायबल १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनाच्या छापखान्यांत छापून पुरें झालें, आणि त्याचें छपाईचें काम तेथील स्त्रियांनीं व मुलींनीं केलें.